पाचवीचा न लागलेला निकाल

एप्रिल २०२४ मधील गोष्ट. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पुढे असलेल्या एका गावात मराठी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही गुरुजींशी बोलत बसलो होतो. काजूचा हंगाम ऐन भरात होता आणि शाळेला सुटी लागण्याच्या बेतात होती. एवढ्यात एक आजीबाई नातवाला दंडाला धरून आल्या.

"गुरुजी, प्वार पास झालं का न्हाई?"

"आजी, निकाल सांगायचा नाही म्हणून कोर्टानं सांगितलंय."

"कोर्टानं? पाचवीच्या प्वाराचा निकाल कोर्टात कशाला गेला?"

गुरुजी गप्प. आजीबाई पुढे म्हणाल्या, "निकाल सांगायचा नव्हता तर पेपर कशाला लिवून घेतलासा?"

गुरुजींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही कौलांकडे पाहिले! वर्तमानपत्रात त्या आठवडाभर या विषयावर रकानेच्या रकाने छापून आले होते. पण आजीबाईंच्या साध्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर द्यावे असे काही आम्हालाही त्या वेळी सुचले नाही. ते उत्तर आज सवडीने देण्याचा हा प्रयत्न आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक सरकारने परिपत्रक काढून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा राज्य पातळीवरून घेण्याचे ठरविले. तोपर्यंत ही परीक्षा शाळाच घेत असे. आता प्रश्नपत्रिका वरून येणार, वेळापत्रक सगळीकडे एकच राहणार आणि पेपर तपासायलाही शाळेबाहेर जाणार, असा बेत होता. लोकांनी त्याला लगेच 'पाचवीचे बोर्ड' असे नाव देऊन टाकले. याविरुद्ध न्यायालयात गेल्या त्या मुख्यतः विनाअनुदानित खाजगी शाळांच्या संघटना. मार्च २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एक सदस्यीय पीठाने परिपत्रके रद्द केली. द्विसदस्यीय पीठाने काही दिवसांतच परीक्षेला मुभा दिली आणि २७ मार्चपासून परीक्षा झाली. मे २०२३ मध्ये राज्यातील सरकार बदलले. परीक्षा मात्र बदलली नाही! ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्या सरकारने अधिसूचना काढून पाचवी आणि आठवीच्या जोडीला नववी आणि अकरावीही त्यात ओढली.

पुढचा मार्च महिना तर मुलांनी जन्मभर लक्षात ठेवावा असा गेला. ६ मार्च २०२४ रोजी एक सदस्यीय पीठाने ही अधिसूचना रद्द केली. ७ मार्चला द्विसदस्यीय पीठाने त्या निकालाला स्थगिती दिली. ११ मार्चला पाचवी, आठवी आणि नववीची मुले पॅड आणि कंपासपेटी घेऊन पेपरला बसली. १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगितीच उठविली आणि परीक्षा अर्ध्यावर थांबली. २२ मार्चला उच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, म्हणून २५ मार्चपासून उरलेले पेपर झाले. पेपर तपासून झाले, गुण चढविले गेले आणि ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने बजावले की निकाल जाहीर करायचा नाही. आजीबाई शाळेत आल्या त्या याच सुमारास.

दहा-अकरा वर्षांच्या मुलाने एका महिन्यात एवढ्या उलथापालथी पाहाव्यात, याचा दोष कोणाच्या पदरात घालावा? न्यायालयांच्या नव्हे, असे आमचे मत आहे. न्यायालयापुढे जो कायदा होता तो काही काल-परवाचा नव्हता. २००९ साली संसदेने केलेला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला तो बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा आहे. मोफत पाठ्यपुस्तके, खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा एवढ्यापुरताच तो आपल्याकडे माहीत आहे. त्यात परीक्षेविषयी काय लिहिले आहे हे सीमाभागातील किती शाळा सुधारणा कमिट्यांनी वाचले असेल, याची आम्हाला शंकाच आहे. म्हणून त्यातील तीन कलमे इथे सोप्या भाषेत सांगतो.

कलम ३० म्हणते की प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत, म्हणजे आठवी संपेपर्यंत, कोणत्याही मुलाला बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती करता येणार नाही. कलम १६ मूळ कायद्यात असे होते की आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला एकाच वर्गात मागे ठेवायचे नाही आणि शाळेतून काढायचे नाही. तिसरे कलम २९. आमच्या मते सीमाभागातील मराठी माणसाने पाठ करावे असे कलम हेच आहे. अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरविताना काय ध्यानात घ्यावे याची यादी त्यात दिली आहे. त्या यादीच्या शेवटी तीन गोष्टी एकापाठोपाठ येतात. शिकविण्याचे माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावे. मुलाला भीती, धसका आणि काळजी यांतून मोकळे करावे आणि आपले मत मोकळेपणी मांडायला मदत करावी. मुलाला काय समजले आणि समजलेले वापरता येते का, याचे मूल्यमापन सर्वांगीण आणि सतत व्हावे.

मातृभाषा, निर्भयता आणि मूल्यमापन या तिन्ही गोष्टी कायदा करणाऱ्यांनी एकाच कलमात शेजारी-शेजारी ठेवल्या. आपण मात्र यातील पहिलीसाठी मोर्चे काढतो, निवेदने देतो आणि उरलेल्या दोन गोष्टी हा सरकारचा, नाहीतर शिक्षकांचा मामला म्हणून सोडून देतो. या तिघींची ताटातूट केली की काय होते, ते पुढे पाहू.

त्याआधी एक खुलासा. 'परीक्षा बंद झाल्या आणि पोरे बिघडली' ही तक्रार गावोगाव ऐकू येते. कायद्याने परीक्षा बंद केलीच नव्हती. बंद केली ती नापास करून मुलाला घरी बसविण्याची सोय. कर्नाटकातील शाळांत वर्षातून चार वेळा आकारिक आणि दोन वेळा संकलित मूल्यमापन ठरलेले आहे. गुरुजींच्या बोलीत एफए आणि एसए. म्हणजे पूर्वीच्या सहामाही-वार्षिकपेक्षा तपासण्या वाढल्याच! फरक एवढाच की तपासणारा आणि शिकविणारा माणूस एकच असावा आणि तपासणीतून पुढच्या शिकवणीची दिशा मिळावी, अशी अपेक्षा होती.

ही अपेक्षा पुरी झाली का? प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतेक ठिकाणी नाही. 'सतत मूल्यमापन' म्हणजे सतत नोंदवह्या भरणे असे त्याचे रूप झाले. एकेका गुरुजींकडे तीन-तीन वर्ग, त्यात माध्यान्ह आहाराचा हिशेब आणि निवडणुकीची कामे. मुलगा वाचताना कुठे अडखळतो हे बघायला वेळ उरतो कुठे? 'असर' या नावाने खेडोपाडी वाचनाची जी पाहणी होते, तिच्या २०१८ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना दुसरीच्या पुस्तकातील मजकूरही वाचता येत नव्हता. २०२२ मध्ये, कोरोनाची टाळेबंदी होऊन गेल्यावर, हा आकडा आणखी खाली गेला. पाचवीच्या शंभर मुलांत जेमतेम त्रेचाळीस मुले तेवढे वाचू शकत होती. आपले पोर वर्षानुवर्षे वरच्या वर्गात जाते आणि धड पाटी वाचत नाही, हे पाहून बापाच्या पोटात गोळा येतो. त्याला खोटे ठरविणाऱ्यांपैकी आम्ही नाही.

ही तक्रार दिल्लीपर्यंत गेली होती. म्हणूनच २०१९ साली संसदेने कलम १६ बदलले. पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घ्यावी, जो उत्तीर्ण होणार नाही त्याला जादा शिकवावे, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी द्यावी आणि तरीही जमले नाही तर त्याला त्या वर्गात ठेवायचे की नाही हे त्या त्या सरकारने ठरवावे, असा तो बदल आहे. आठवी पुरी होईपर्यंत शाळेतून काढायचे मात्र नाहीच. इथे नीट लक्ष द्यावे. कलम १६ बदलले, पण कलम ३० आणि कलम २९ होते तिथेच राहिले. म्हणजे परीक्षा घ्या, पण बोर्डाची सक्ती नको, असा कायद्याचा आजचा अर्थ निघतो. कर्नाटक सरकारचे म्हणणे होते की आमची ही बोर्डाची परीक्षा नव्हेच, हे तर संकलित मूल्यमापन! पण पेपर मंडळाचा, वेळापत्रक मंडळाचे आणि तपासणी शाळेबाहेर. नाव बदलले म्हणून गाव बदलते काय?

आता आमच्या वयाचे वाचक म्हणतील, अहो, आमच्या वेळी नव्हते का बोर्ड? होते. आणि त्याआधीच्या पिढीची तर 'फायनल' होती. बेळगाव मुंबई इलाख्यात होते तेव्हा सातवीला व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा असे. फायनल झालेला माणूस गावात शहाणा गणला जाई. त्याला शाळामास्तर होता येई, तलाठी होता येई. जुन्या घरांत अजूनही त्या प्रमाणपत्राची चौकट देवघराशेजारी टांगलेली दिसते. ही परीक्षा आपल्या लोकांनी दिली ती मराठीत, आणि तिचा अभिमान वाटावा हेही साहजिकच आहे. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. सातवीच्या परीक्षेला लोक 'मुलकी'ही म्हणत.

पण चौकटीत टांगलेले प्रमाणपत्र दिसते, न मिळालेले दिसत नाही. फायनलला किंवा मुलकीला नापास झालेली माणसे आजही आपल्या घरातच आहेत. त्यांना विचारा. पहिल्या वर्षी नापास झाल्यावर बापाने पुन्हा फी भरली, असे सांगणारा एखादाच भेटेल. बाकीचे म्हणतील, गुरे राखायला गेलो, मुंबईला गिरणीत गेलो. मुलीचे तर बघायलाच नको. 'नापास झाली, आता बसवा घरी' या एका वाक्याने किती पोरींची शाळा सुटली असेल! कलम १६ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढे जी मुले होती ती हीच. तेव्हा आमच्या वेळी बोर्ड होते आणि आम्ही शिकलो, हे शिकलेल्यांनी सांगितलेले अर्धे सत्य झाले.

आता भाषेकडे वळू. कारण या विषयाला आमच्या पानावर जागा दिली ती त्यासाठीच.

कर्नाटकात मराठी माध्यमाच्या मुलाला दहावीपर्यंत मराठीतून पेपर लिहिता येतो आणि प्रश्नपत्रिका मराठीतून मिळते. ही मोठी गोष्ट आहे आणि तिची किंमत कमी करण्याचा आमचा हेतू नाही. राज्यघटनेत १९५६ सालीच कलम ३५० क घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकविण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगितलेले आहे. परंतु 'मराठीतून पेपर' म्हणजे काय, याचा विचार पाचवीच्या मुलाच्या बाजूने करून पाहावा. संबंध राज्यासाठी एकच पेपर निघतो तेव्हा प्रश्न एका भाषेत तयार होतो आणि मग इतर भाषांत उतरतो. दहावीचा मुलगा भाषांतराच्या ठेचा सोसतो. त्याचे वय तेवढे झालेले असते. दहा वर्षांचे पोर एका शब्दाला अडखळले की सगळा प्रश्नच सोडून देते.

भाषांतर निर्दोष असले तरी अडचण संपत नाही. 'खालील उतारा वाचा' हे शहरी मुलाला रोजचे वाक्य. आमच्या खेड्यातील मुलाने 'उतारा' हा शब्द ऐकलेला असतो तो तलाठ्याच्या कचेरीच्या संदर्भात. शेताचा उतारा काढायला आजोबा तालुक्याला गेले, तो उतारा! कोणाला नजर लागली म्हणून काढतात तोही उताराच. वर्गातले गुरुजी हे जाणतात. ते म्हणतात, 'उतारा म्हणजे धड्याचा तुकडा रे.' काम झाले. छापील पेपर असे म्हणू शकत नाही आणि पर्यवेक्षकाला तसे म्हणायची परवानगी नसते. टोपलीला आमच्याकडे 'बुट्टी' म्हणतात. बुट्टीत किती आंबे उरले असे विचारले तर हिशेब तोंडावर करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. करंडीतील फळांची वजाबाकी मात्र त्यांची चुकते. मग हा मुलगा गणितात कच्चा की भाषेत? वर्गातील मास्तर ते सांगेल. दूर तपासायला गेलेला पेपर एवढेच सांगेल की चार गुण गेले.

इथेच ते कलम २९ आठवावे. मातृभाषेतून शिकविले आणि मूल्यमापन मात्र मुलाची बोली न ओळखणाऱ्याच्या हाती दिले, तर मातृभाषेचा हक्क अर्धाच पोहोचला. आणि घरची बोली पेपरात चालत नाही हे मुलाच्या एकदा मनात बसले की तो वर्गातही तोंड उघडत नाही. गप्प बसलेल्या मुलाला 'ढ' म्हणायला फार वेळ लागत नाही. त्याच्या आईबापांनाही मग वाटू लागते की मराठी शाळेतच काही खोट आहे. पुढच्या जूनला धाकट्याचे नाव दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत जाते. मराठी शाळांची पटसंख्या घटण्याची कारणे अनेक आहेत, एकट्या परीक्षेच्या माथी ती मारणे बरे नव्हे. पण ज्या शाळेत सगळी मिळून वीस-बावीस मुले, तिथे वरून आलेल्या एका पेपरात तीन मुले मागे पडली तरी गावभर शाळेचे नाव जाते, हे आम्ही जवळून पाहिलेले आहे.

पावसाची गोष्ट तर बंगळूरला कोण सांगणार? कणकुंबीच्या पट्ट्यात जुलैमध्ये असा पाऊस कोसळतो की नाले भरले की शाळा बंद. कधी दोन दिवस, कधी आठवडा. कोरडवाहू भागातील शाळा तोवर दोन धडे पुढे गेलेली असते. शाळेचा पेपर शाळेने काढला तर गुरुजी राहिलेला धडा वगळतात किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर भरून काढतात. सगळ्या राज्याचा पेपर एकच असला म्हणजे नाल्याला पूर आला होता हे लिहायला उत्तरपत्रिकेत जागा नसते.

गंमत अशी की हे न समजण्याइतके कर्नाटकाचे शिक्षण खाते अनभिज्ञ नाही. 'नली-कली', म्हणजे आनंदाने शिक, ही पद्धत याच राज्यात १९९० च्या दशकात म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. पहिली ते तिसरीची मुले एकत्र बसतात, जो तो आपल्या गतीने पायऱ्या चढतो, कोणी पास नाही की नापास नाही. मराठी शाळांतूनही ती चालते. तिसरीपर्यंत 'तुझ्या चालीने चल' म्हणायचे आणि पाचवीत एकदम सगळ्या राज्याबरोबर धावायला लावायचे, यात आम्हाला तरी संगती दिसत नाही.

हा खटाटोप एकट्या कर्नाटकाचा नव्हे. तमिळनाडूने सप्टेंबर २०१९ मध्ये पाचवी-आठवीला सार्वत्रिक परीक्षा जाहीर केली आणि पालक-शिक्षकांचा रोष पाहून फेब्रुवारी २०२० मध्ये मागे घेतली. आपल्या पलीकडच्या महाराष्ट्रानेही मे २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, फेरपरीक्षा आणि गरज पडल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. तेव्हा चंदगडच्या मामाकडे मुलाला पाठवून परीक्षा चुकेल असे कोणी समजू नये! डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनेही आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी, म्हणजे केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये वगैरेंसाठी, तसाच नियम केला. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत २००२ सालच्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची राज्यव्यापी चाचणी सक्तीची केली आणि गुण कमी पडलेल्या शाळांवर कारवाईची टांगती तलवार ठेवली. शाळा चाचणीपुरतेच शिकवू लागल्या, ही ओरड तेथे पुढची दहा-बारा वर्षे चालली. टेक्सास राज्याने २०१३ मध्ये माध्यमिक शाळेच्या पंधरा सक्तीच्या परीक्षा पाचवर आणल्या आणि २०१५ च्या नव्या केंद्रीय कायद्याने ती तलवार बरीचशी म्यान झाली. चाचण्या मात्र राहिल्याच. पैसा, संगणक आणि वर्गात मोजकी मुले असलेल्या देशाचाही हा अनुभव आहे.

मग सरकारने शाळांची परीक्षा पाहूच नये काय? अवश्य पाहावी. पण भाताला वाफ आली का हे पाहायला गृहिणी सगळे पातेले उपसत नाही, चार शिते चेपून पाहते. राज्यातील शिक्षण कसे चालले आहे हे कळण्यासाठी निवडक शाळांतील निवडक मुलांची पाहणी पुरते. केंद्र सरकार स्वतः तेच करते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीची, तर डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीची देशव्यापी पाहणी झाली. त्यात कोणा मुलाचा निकाल लागत नाही, कोणी नापास होत नाही. परीक्षा होते ती सरकारची. प्रत्येक मुलाचे काय चालले आहे हे जाणून घेण्याचा प्रश्न वेगळा आणि ते काम वर्गातच होऊ शकते.

हे काम वर्गात होत नसेल तर? त्यासाठीही कायद्यात सोय आहे आणि ती वापरायला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. कलम २४ ने शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून गरज असेल त्याला जादा शिकवावे. पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी आणि त्याची प्रगती त्यांना सांगावी. कलम २१ प्रमाणे शाळेच्या कमिटीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. कलम २७ म्हणते की जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर बिगर शैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही. म्हणजे गुरुजींना जाब विचारण्याचा जसा आपला हक्क आहे, तसा गुरुजींच्या मानेवरचे नसते जू काढा म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाण्याचाही आहे. पहिले करणारे पुष्कळ भेटतात, दुसरे करणारे आम्हाला अजून फारसे भेटले नाहीत.

आपल्या कमिट्यांच्या बैठका कशावर होतात? स्वयंपाकघराचे पत्रे, कुंपणाची भिंत, स्वातंत्र्यदिनाचे पेढे. त्याही गोष्टी हव्यातच. पण मुलांच्या एफएच्या वह्या एकदा बैठकीत मागवून पाहाव्यात. मुलाने काय लिहिले, गुरुजींनी तांबड्या शाईने काय लिहिले, पुढच्या वेळी तीच चूक झाली की सुधारली, हे कमी शिकलेल्या पालकालाही पाने उलटून दिसते. आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनी मुलाला समोर बसवून वाचायला सांगावे. 'असर'वाले याहून वेगळे काही करत नाहीत. मुलाच्या भाषेतला दुसरीचा साधा मजकूर हातात देतात आणि एकेकट्याला शेजारी बसवून वाचायला लावतात.

त्या दिवशी जांबोटीच्या पुढच्या शाळेत अखेर तेच झाले. आजीबाई हटेनात तेव्हा गुरुजी उठले, कपाटातून दुसरीचे मराठीचे पुस्तक काढले आणि पोराच्या हातात दिले. "वाच आजीला." पोराने आधी आमच्याकडे, मग आजीकडे पाहिले. पहिल्या दोन ओळी त्याने बोट ठेवून वाचल्या, मग बोट काढले. एका जोडाक्षराला अडखळला, गुरुजी बोलणार तोच स्वतःच सुधारले. पान संपले.

"हे समदं त्यात लिवलंय?" आजीबाईंनी विचारले.

"व्हय."

"गुणाकार?" आता त्या गुरुजींकडे वळल्या होत्या.

"गुणाकार येतो. भागाकारात घोटाळा आहे," गुरुजी म्हणाले. "सुटीत रोज दोन करायला लावा. जूनला मी बघतो."

आजीबाईंनी पोराच्या पाठीत एक हलका धपाटा घातला आणि दोघे काजूच्या बागेच्या वाटेला लागले.